झाडातला अज्जा

आमच्यात माणूस मेलं की त्याला आडवं करत न्हाईत. बसवतात. खड्ड्यात मांडी घालून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. वरून भस्म, बेलाची पानं, मीठ आन माती. आमचा अज्जा, म्हणजे अप्पाचा बाप चन्नबसप्पा, असाच मळ्यात त्याच्या आंब्याखाली बसला. तवा मी दहा वर्षांची होते, माझा भाऊ रेवणसिद्ध सहाचा. अप्पानं त्याला खांद्यावर घेऊन खड्ड्यात बघायला लावलं होतं. एवढ्याशा लेकराला ते दाखवायला नको होतं, असं मला अजून वाटतं.

पुढं जे झालं त्यात मात्र चूक माझी. ती मी कुणावर ढकलत न्हाई.

लातूर जिल्हा झाला त्या सालची ही गोष्ट. आमचं हिप्परवाडी गाव उदगीर आन मुखेडच्या मधे, अगदी शिवेवर. नवा जिल्हा झाला म्हून चावडीवर पेढे वाटले, आन तिथून जो पाऊस गेला तो गेलाच. लोक म्हणायचे, कलेक्टर लातूरला आला, पाऊस उस्मानाबादलाच ऱ्हायला. हसायचे आन गप व्हायचे. दिवाळीत अज्जा गेला. होळीपर्यंत आमच्या विहिरीचा तळ दिसायला लागला, आन पाडव्याला तर त्या तळात कुत्री झोपायला लागली.

मळा म्हणजे काय, तर अज्जाचा एक थोरला गावरान आंबा आन अप्पानं लावलेली नऊ कलमं. त्या कलमांवरूनच बापलेकाचं बिनसलं होतं. अप्पा म्हणायचा, जुन्या झाडाची सावली पडती, कलमं वाढंनात, तोडू त्याला. अज्जा म्हणायचा, आधी मला तोड. त्या दिसापासून अज्जा अप्पाशी बोलला न्हाई. आठ महिने एका घरात, एका पंगतीला, पण शब्द न्हाई. मरताना अप्पानं पाण्याची वाटी पुढं केली तर त्यानं हात बाजूला सारला आन अव्वाच्या हातून पाणी घेतलं. अव्वा म्हणजे माझी आई, जगदेवी. मी उंबऱ्यात उभी होते, मी बघितलंय ते.

उन्हाळ्यात अप्पा रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जायचा. पाणी अव्वाकडं. लेंडी नदीच्या वाळूत बायकांनी कमरेएवढा खड्डा खणला होता, त्यात झिरपेल तेवढं पाणी वाटीवाटीनं घागरीत भरायचं. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक, अशा चार खेपा. आठ घागरींतल्या दोन घराला आन सहा कलमांना. अव्वाच्या टाचांना एवढ्या भेगा पडल्या होत्या की आत वाळू जाऊन बसायची. संध्याकाळी ती सुईनं खडे काढायची आन भेगांत मेण भरायची. तोंडातून आवाज काढायची न्हाई.

आमचं काम एकच, शेळ्यांना कलमांपासून लांब ठेवायचं. शाळेला सुटी लागलेली. दुपारी मळ्यात चिटपाखरू नसायचं, वारासुद्धा नसायचा. मग दोघं करणार काय? किडे बघायचो. माणसं, गुरं, पाखरं सगळी वाळून चाललेली, आन किड्यांची मात्र चंगळ होती. मऊ मातीत भोवऱ्यासारखी खळगी करून तळाशी लपून बसणारा एक किडा होता. खळगीत मुंगी घसरली की खालून माती उडायची आन मुंगी गपकन आत जायची. आंब्याच्या सालीला किड्यांची रिकामी टरफलं चिकटलेली असायची. पाय, डोळे, मिशा, सगळं जागच्या जागी, फक्त पाठ उभी चिरलेली आन आतला किडा गायब. रेवण ती टरफलं अंगरख्याला लावून हिंडायचा. खोडावर वाळवीनं मातीच्या नळ्या चढवल्या होत्या. काडीनं नळी फोडली की आत पांढरं पांढरं काहीतरी पळायचं. ते बघून माझ्या अंगावर काटा यायचा, तरी रोज एक नळी फोडल्याशिवाय मला चैन पडायचं न्हाई.

एक दिवस रेवण आंब्याला मिठी मारून उभा होता. कान खोडाला.

"नीलाक्का, आत कोन हाय?"

मी कान लावला. आतून करर्, करर्, करर् आवाज येत होता. थांबायचा, परत सुरू व्हायचा. कुणीतरी सावकाश, मन लावून काहीतरी चावत होतं.

मला ठाऊक होतं ते काय आहे. खोडाच्या बुडाशी लाकडाचा ओला भुसा पडला होता, वर बोट जाईल एवढं भोक होतं. भिरूड. आंब्याच्या खोडात शिरून आतून पोखरणारी अळी. अप्पानं दोन सालामागं दुसऱ्याच्या झाडातून तारेनं ओढून काढलेली मी बघितली होती. पण त्या दिवशी सकाळी रेवणनं पाण्याचा तांब्या लवंडला होता आन अव्वानं मार मला दिला होता. गाल अजून चुरचुरत होता. मी म्हटलं,

"अज्जा हाय. भाकर चावायलाय."

रेवणनं डोळे मोठे केले. "अज्जाला तर दात न्हवते."

"आता आलेत," मी म्हटलं.

झालं. एवढंच बोलले मी.

त्या दिसापासून तो झाडापासून हलंना. एक फांदी कवाचीच मोडली होती, तिथं खोडाला ढोली पडली होती. दुपारी अव्वा आम्हाला अर्धी अर्धी भाकर बांधून द्यायची. रेवण त्यातली निम्मी ढोलीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी बघावं तर भाकर गायब. मुंगळ्यांची रांग ढोलीतून खाली उतरत असायची, मला दिसायची, त्याला दिसायची न्हाई. "खाल्ली अज्जानं," म्हणायचा आन टाळ्या वाजवायचा. मी आधी लई हसले. चार दिसांनी तो आपल्या वाटणीची सगळी भाकर ढोलीत ठेवायला लागला, तवा हसू आटलं.

"आरं खुळ्या, तू काय खाणार?"

"अज्जाला लई भूक हाय. ऐक की."

खोडावर थाप मारली की आवाज बंद व्हायचा. रेवण विचारायचा, "अज्जा, भूक लागली?" आन जरा थांबून आतून करर् यायचं. "अज्जा, झोपलास?" करर्. भरदुपारी, पान हलत न्हाई अशा वेळी, सहा वर्षांचं लेकरू झाडाशी बोलतंय आन झाड उत्तर देतंय. खोटं माझंच, मीच रचलेलं, पण एक दिवस मी एकटी कान लावून उभी ऱ्हायले तर माझ्याच पाठीवरून मुंग्या चालल्यासारखं झालं. मी कान काढून पळाले.

शेजारच्या रानातल्या गुणाबाई काटक्या गोळा करत आमच्या बांधावर आल्या. रेवण बोलत होता ते त्यांनी ऐकलं. खोडाला कान लावला आन काटक्या तिथंच टाकल्या.

"अगं बाई गं! चन्नबसप्पा मामा!"

दिवस मावळायच्या आत निम्मं गाव मळ्यात. जो तो कान लावायला लागला. कुणी नारळ ठेवला, कुणी हळद वाहिली, एक म्हातारी तर खोडाला टेकून रडायला लागली. सगळ्यांना प्यायला पाणी द्यावं लागलं, ते अव्वानं दिलं. घरातली घागर रिकामी झाली. अप्पा कामावरून आला, अंगावर खडीचा पांढरा धुरळा, भुवयासुद्धा पांढऱ्या. लोक बाजूला झाले. अप्पानं कान लावला. लई वेळ लावला. त्याचं तोंड झाडाकडं होतं, मला दिसलं न्हाई.

"तहानलेत मामा," गुणाबाई अप्पाला म्हणाल्या. "संगप्पा, पाणी घाला."

अप्पा वळला आन अव्वाला म्हणाला, "उद्यापास्नं सहाच्या सहा घागरी ह्याला."

"आन कलमं?"

"कलमाचं बघू."

"अवो, मेल्या माणसाला कसली तहान?" अव्वा हळूच म्हणाली.

"दुसऱ्यावानी जाळून मोकळं झालाव का आपण? बसलाय तो तिथं. दारात बसलेल्या माणसाला पाणी इचारावं लागतं, जगदेवी."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी त्याच वेळी बोलायला पाहिजे होतं. एवढी माणसं बघून मी शेळ्यांमागं जाऊन उभी ऱ्हायले. अप्पा सोलून काढेल, हे भ्याव तर होतंच.

मग कलमांसाठी म्हून अव्वाच्या चाराच्या पाच खेपा झाल्या. वाळूच्या खड्ड्यावर बायका तिला टोचायच्या. "सासरा जित्ता होता तवा एवढं पाणी पाजलंस का गं, जगदेवी?" ती वाटीनं पाणी भरत ऱ्हायची. सहा घागरी आंब्याच्या बुडाशी ओतायची, समाधीचा मातीचा ओटा त्यात भिजायचा, आन जमीन ते पाणी असं गिळायची की थेंब मागं ऱ्हायचा न्हाई. आठ दिसात दोन कलमं वाळली. पंधरा दिसात पाच. शेंडा पिवळा पडायचा, मग पानं खाली मान टाकायची, मग बोटानं मोडलं की कट्कन आवाज. अव्वा रोज वाळलेल्या कलमावरून एकदा हात फिरवायची आन पुढं जायची. आंब्याचंही काही बरं दिसत न्हवतं. एवढं पाणी पिऊन त्याची पानं गळतच होती आन बुडाचा भुसा रोज वाढत होता.

रेवणच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. पोट आत, डोळे मोठे. उन्हाचा त्रास म्हून अव्वानं कांद्याचा रस पाजला, तळपायाला कांदा चोळला. ती ताटात वाढायची, तो खाल्ल्यासारखं करायचा आन भाकरीचा तुकडा अंगरख्यात सरकवायचा. मला दिसायचं. मी सांगितलं न्हाई. भाकरीचं सांगितलं की आधीचं सगळं सांगावं लागणार होतं. मी माझ्यातली भाकर त्याच्या तोंडाशी धरायची, "खा रं बाबा, पाया पडते," म्हणायची. तो तोंड फिरवायचा.

एका दुपारी तो म्हणाला, "अज्जा म्हणला, अप्पा अजून माझ्याशी बोलला न्हाई."

त्यांचं भांडण कळायचं रेवणचं वय न्हवतं, असं मी धरून चालले होते. मी तरी ते कवा सांगितलं न्हवतं.

"अजून काय म्हणला?"

"एकट्याला करमंना म्हणला. बाजूला जागा हाय म्हणला."

"कसली जागा?"

"बसायला."

मी त्याला खसकन ओढून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी मळ्यात जायचंच न्हाई म्हटलं, तर शेळ्या कोण बघणार म्हून अव्वा माझ्यावरच खेकसली. तिचं तरी काय चुकलं? तिला काय ठाऊक?

त्याच्यानंतर दोन दिसांनी मुखेडचा बाजार होता. रस्त्याचं काम बंद, म्हून अप्पा मळ्याच्या पल्याडच्या बांधावर काट्याचं कुंपण नीट करत होता. एक शेळी ओढ्यात उतरली, मी तिच्यामागं पळाले. हाकून आणेपर्यंत बराच वेळ गेला. डोक्यावर ऊन रणरणत होतं. आंब्याखाली रेवण दिसंना.

हाक मारली. उत्तर न्हाई. जवळ गेले आन तिथंच उभी ऱ्हायले.

समाधीच्या ओट्याला लागून, अव्वानं ओतलेल्या पाण्यानं जमीन मऊ झाली होती तिथं, त्यानं खुरप्यानं खड्डा केला होता. किती दिवस खणत होता देव जाणे, रोज वर गळलेली पानं टाकून झाकत असणार. खड्ड्यात तो मांडी घालून बसला होता. छातीपर्यंत आत. डोळे मिटलेले. कपाळाला राख फासलेली, मांडीवर घरातून आणलेलं मूठभर मीठ. डावा हात पुढं, तळहात वर, रिकामा. ओठाच्या कडेला मुंगळा चालत होता आन तो त्याला हाकलत न्हवता.

"रेवण्या!"

"बोलू नको," तो ओठ न हलवता म्हणाला. "मेलेलं माणूस बोलत न्हाई."

मी त्याच्या काखेत हात घालून ओढलं तर त्यानं अंग दगडासारखं जड केलं. अंगात ताप होता, हात भाजला माझा. बाजूला झाडात करर्, करर् चाललंच होतं. मला काय झालं कुणास ठाऊक, मी खोपीकडं पळाले, तिथल्या मोडक्या छत्रीची तार उपटली, टोक दगडावर ठेचून वाकडं केलं आन आंब्याच्या भोकात खुपसली. फिरवली, ओढली, परत खुपसली. आतून काळंतपकिरी पाणी आलं, ओला भुसा आला. मी रडत होते, ओरडत होते, काय ओरडत होते ते मला आठवत न्हाई. मग तारेला काहीतरी मऊ लागलं. हळूहळू ओढलं तसं ते बाहेर आलं. माझ्या अंगठ्यापेक्षा जाड, पिवळसर पांढरं, बिनपायाचं, पुढं टणक तपकिरी तोंड आन दोन काळे जबडे. वळवळत होतं आन जबडे हलवत होतं.

मी ते तसंच नेऊन रेवणच्या तळहातावर ठेवलं.

"बघ! डोळं उघड आन बघ! हे चावायलंय आत. भिरूड हाय, भिरूड! अज्जा न्हाई कुणी न्हाई. मी खोटं बोलले, रेवण्या. मी खोटं बोलले!"

त्यानं डोळे उघडले. फेकून देईल असं मला वाटलं होतं. त्यानं फेकलं न्हाई. अज्जा पूजेला बसल्यावर हातातल्या लिंगाकडं जसा एकटक बघायचा, तसा तो त्या अळीकडं बघत बसला. मग दुसऱ्या हाताचं बोट अलगद तिच्या पाठीवरून फिरवलं.

"अज्जा एवढाच ऱ्हायला?" तो म्हणाला.

माझं ओरडणं ऐकून अप्पा बांधावरून पळत आला. त्याच वेळी अव्वा तिसरी खेप घेऊन पोचली. खड्ड्यात बसलेलं लेकरू बघून तिनं डोक्यावरची घागर कशी उतरवली ते तिचं तिला ठाऊक, पण ती फुटली न्हाई. तिनं रेवणला उचलून छातीशी धरलं. मी सगळं सांगून टाकलं. दात आलेत म्हणाले ते, ढोलीतली भाकर, त्याच्यासाठी जागा आहे ते, सगळं. मार खायची तयारी ठेवूनच सांगितलं.

अप्पानं मला हात लावला न्हाई. त्यानं खाली पडलेली अळी उचलली, बघितली आन चपलेखाली दाबली.

"भिरूडच हाय," तो म्हणाला. "मला ठाऊक होतं."

अव्वानं मान वर केली. "कवापास्नं?"

"कान लावला त्या दिसापास्नं. जलम झाडात गेला माझा, भिरूड वळखंना व्हय मला? बापाचा खड्डा खणताना मुळ्या मीच तोडल्या ह्याच्या. झाड तवाच गेलं. गेलेल्या झाडाला भिरूड लागनारच."

"मग पाणी?"

अप्पा समाधीच्या ओट्याकडं बघत होता. एवढा दांडगा माणूस, पण आवाज रेवणसारखा बारीक झाला होता. "लोक म्हणायले, बाप तहानलाय. खोटं तर खोटं, म्हटलं. जित्तेपणी माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई त्यानं. आता घालतोय तर घेतोय, असं वाटायचं."

"तुमच्या हातचं?" अव्वा म्हणाली. ओरडली न्हाई, साधं विचारलं. "पाणी माझ्या हातचं होतं. तवाबी, आन आताबी."

अव्वानं रेवणला माझ्याकडं दिलं. आंब्याच्या बुडाशी एका दगडावर बसली, लुगडं घोट्याच्या वर घेतलं, भरलेली घागर वाकडी केली आन ते सगळं पाणी आपल्या पायांवर ओतलं. एक थेंब मागं ठेवला न्हाई. एवढ्या दुष्काळात आख्खी घागर! भेगांतली वाळू निघून आली, मेण निघून आलं, खालचं लाल मांस दिसायला लागलं. तिनं दोन्ही टाचा हातानं चोळून धुतल्या. अप्पा उभा ऱ्हाऊन बघत होता. मी पण बघत होते. तिला आडवायची कुणाची छाती झाली न्हाई.

पाय धुवून झाल्यावर तिनं दुसरी घागर आपल्याकडं ओढून घेतली आन रिकामी अप्पाच्या पुढं सरकवली. "चार कलमं हिरवी हायेत अजून," ती म्हणाली. "ऊन उतरायच्या आत दोन खेपा व्हतील."

अप्पा घागर घेऊन नदीच्या वाटेला लागला. तिथं सगळ्या बायकाच असायच्या. त्याला लई हसल्या असतील.

अव्वानं रेवणला मांडीवर घेतलं, दुसऱ्या घागरीतलं पाणी ओंजळीनं पाजलं, पदराच्या टोकानं कपाळाची राख पुसली. मग आपल्या वाटणीची भाकर सोडली, तुकडा पाण्यात भिजवून त्याच्या ओठाला लावला. त्यानं तोंड उघडलं न्हाई. तो तिच्या तोंडाकडं बघत होता.

"अव्वा, अज्जा मेला?"

अव्वानं डोळे मिटले न्हाईत, दुसरीकडं बघितलं न्हाई.

"हाव रं राजा. मेला."

"कवा?"

"दिवाळीतच मेला."

"आता त्याला भूक लागत न्हाई?"

"न्हाई. कवाच न्हाई."

अज्जा गेला तवा रेवण रडला न्हवता. बसवलेला अज्जा बघून उलट हसला होता. आता त्यानं आधी ओठ बाहेर काढला, मग त्याचं सगळं अंग हलायला लागलं, आन मग तो असा रडला की बांधावरच्या शेळ्या मान वर करून बघायला लागल्या. अव्वानं त्याला रडू दिलं. त्याचं तोंड रडायला उघडायचं तेवढ्यात ती भिजलेला तुकडा आत सारायची. त्याला ठसका लागायचा, तो परत रडायचा, आन रडता रडता गिळायचा. अर्धी भाकर गेली त्याच्या पोटात. मी मोजत होते.